तळणीच्या कसोटीवर अलिबागचा पांढरा कांदा

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वाखाणणी करणारा मनुष्य बहुधा तो कच्चा खात असतो. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला, कोशिंबिरीत घातलेला किंवा नुसते मीठ-लिंबू लावलेला हा कांदा डोळ्यांना पाणी आणत नाही, जिभेला झोंबत नाही आणि तोंडात उग्र वासही ठेवत नाही, ही त्याची कीर्ती रास्तच आहे. परंतु मे महिना सरत आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगलेली माळ अजून अर्धीअधिक शिल्लक असली, की रायगड जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत प्रश्न उभा राहतो : चार पैसे जास्त मोजून आणलेला हा कांदा भज्यांना वापरावा काय, आणि वापरला तर तो नेहमीच्या लाल कांद्याइतका कुरकुरीत होतो काय? प्रस्तुत परीक्षण तेवढ्या एका प्रश्नापुरते आहे. माळांच्या शेजारी लावलेल्या ‘औषधी कांदा’ या पाट्यांशी येथे काही कर्तव्य नाही. कढईत पडल्यावर हा कांदा कसा वागतो, एवढेच पाहायचे आहे.

वस्तूची ओळख थोडक्यात करून देते. भातकापणी उरकल्यावर त्याच खाचरांत, अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव, सागाव, तळवली या गावांच्या परिसरात हा कांदा घेतला जातो आणि फेब्रुवारी-मार्चपासून त्याच्या माळा वडखळ-अलिबाग रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसू लागतात. त्याचा जुनेपणा सांगताना १८८३ सालच्या कुलाबा (म्हणजे आजच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरमधील नोंदीचा दाखला दिला जातो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या सहभागाने २०१९ साली अर्ज झाला आणि पुढे त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनामुळे मागणी वाढली आणि मागणीबरोबर बाहेरचा पांढरा कांदाही याच नावाने रस्त्यावर आला, ही खरेदीदाराची खरी अडचण आहे. म्हणून पातीसकट विणलेली माळच घ्यावी, आणि विकणाऱ्यास एक कांदा फोडून दाखवायला सांगण्यात भीड बाळगू नये. चावल्यावर नाकात झणका गेला, तर रंग कितीही शुभ्र असला तरी तो आपल्याला हवा असलेला कांदा नव्हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पांढरा कांदा तळणाला चालत नाही, असे सरसकट म्हणणे चूक आहे. गुजरातेतील महुवा भागात पिकणारा पांढरा कांदा मोठ्या प्रमाणावर निर्जलीकरणाच्या कारखान्यांत जातो, आणि कारखान्यांना तो हवा असतो याचे कारण त्याच्यातील पाण्याचे कमी आणि घन अंशाचे अधिक प्रमाण. जो कांदा वाळवायला परवडतो तो तळायलाही परवडतो, कारण तळणे म्हणजे शेवटी पदार्थातले पाणी तेलाच्या उष्णतेने बाहेर काढणेच होय. तेव्हा अडचण पांढऱ्या रंगाची नाही. अलिबागचा कांदा सौम्य आहे आणि रसाळही आहे, आणि हे दोन्ही गुण ताटात ज्या कारणाने आवडतात त्याच कारणाने कढईत त्यांचा हिशेब वेगळा होतो.

तो हिशेब असा. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, आतला अलिनेझ हा विकर (एन्झाइम) गंधकयुक्त द्रव्यांशी मिसळतो आणि डोळे झोंबवणारा, जिभेला चरचरणारा तिखटपणा तयार होतो. कच्च्या लाल कांद्यात हा प्रकार जोरात होतो, अलिबागच्या कांद्यात तो मंद असतो. पण उष्णता लागताच विकर निकामी होतो, तयार झालेली उडनशील द्रव्ये वाफेबरोबर निघून जातात आणि मागे साखरेची गोडी उरते. म्हणजे पूर्ण शिजलेला किंवा पूर्ण तळलेला कांदा, मग तो लासलगावहून आलेला असो की खंडाळ्याच्या खाचरातला, गोडच लागतो. आपण ज्या सौम्यपणासाठी जास्त किंमत मोजली, तो सौम्यपणा तेल प्रत्येक कांद्याला फुकट देते. या एका गोष्टीवरून पुढचा सगळा निकाल काढता येतो : ज्या पदार्थात कांदा आरपार तळला जातो तेथे अलिबागच्या कांद्याचे वैशिष्ट्य वाया जाते, आणि ज्या पदार्थात कांद्याचा गर अर्धाकच्चा राहतो तेथे ते कामी येते.

पहिली कसोटी खेकडा भजीची, कारण कुरकुरीतपणाची परीक्षा याहून कडक घेता येत नाही. पाव किलो पांढरा आणि पाव किलो लाल उन्हाळ कांदा, दोन्ही देठापासून बुडख्याकडे उभे आणि बारीक चिरले. आडवा चिरलेला कांदा तुकड्यातुकड्यांनी सुटतो, तर उभ्या चिरलेल्या कांद्याची लांब, तंतूदार कीस निघते आणि पिठाच्या बाहेर डोकावणारी तीच टोके तळून कुरकुरीत होतात. त्यामुळे चिरण्याच्या दिशेत तडजोड करू नये. किसणीवर हे काम उरकण्याचा मोह होतो, पण किसणीने कांद्याचा लगदा होतो आणि पाणी लगेच सुटते. धारदार सुरी किंवा घरची विळीच बरी. चिरलेल्या कांद्याला मीठ, तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा आणि धणे लावून दहा मिनिटे झाकून ठेवले, म्हणजे मिठाने पाणी बाहेर ओढले जाते आणि वरून एक थेंबही पाणी न घालता पीठ भिजते. खेकडा भजीचे सगळे मर्म या कोरड्या भिजवण्यात आहे.

फरक येथेच दिसला. साधारण कांद्याच्या वजनात सुमारे ८९ टक्के पाणी असते, पण ते किती सहज सुटते यात कांद्याकांद्यांत तफावत असते. लाल उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत राहून बराच आटलेला असतो. त्याला दहा मिनिटांत बेताचे पाणी सुटले आणि पाव किलोला सुमारे ८० ग्रॅम बेसन व दोन चमचे तांदळाची पिठी पुरली. पांढऱ्या कांद्याच्या ताटलीत मात्र तळाशी चक्क पाणी साचले. ते सगळे शोषून घेण्याइतके बेसन घातले, तर पीठ जवळजवळ दीडपट लागते आणि भजी कांद्याची न राहता बेसनाची होते : वरून टणक, आत पिठूळ, आणि ताटात थोडा वेळ राहिली की ओलसर. त्यावर उपाय आहे. मीठ लावून ठेवण्याची वेळ निम्म्यावर आणावी, कांदा दोन्ही तळहातांत हलका पिळून घ्यावा आणि मगच बेसन भुरभुरावे. असे केल्यावर पांढऱ्या कांद्याची खेकडा भजी रीतसर कुरकुरीत झाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चवीला मात्र ती लाल कांद्याच्या भजीहून सरस झाली नाही. उलट लाल कांद्याच्या भजीत शेवटी जो किंचित करपट, खमंग उतार येतो, तो पांढऱ्यात उणा वाटला. पिळून काढलेल्या पाण्याबरोबर थोडी गोडीही गेली असणार. एवढे सगळे करून लाल कांद्याची बरोबरीच साधायची असेल, तर माळेला हात कशाला लावायचा?

रंगाचे तेवढे माप पांढऱ्याच्या पदरात टाकले पाहिजे. लाल कांद्याच्या पाकळ्यांतील रंगद्रव्य क्षाराच्या संपर्कात निळसर-हिरवट छटा धरते, त्यामुळे पिठात सोडा घालण्याची ज्यांना सवय आहे त्यांच्या भजीत कधीकधी मळकट डाग दिसतात. पांढऱ्या कांद्यात हा प्रश्न उद्भवत नाही आणि भजी एकसारखी सोनेरी निघते. अर्थात खेकडा भजीत सोडा घालूच नये हे अधिक शहाणपणाचे, कारण सोड्याने पीठ जाळीदार होते आणि जाळीत तेल भरते. सोड्याऐवजी चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घातले की काम भागते.

दुसरी कसोटी चकत्यांच्या भजीची, आणि येथे पारडे फिरते. कांद्याच्या बोटाच्या निम्म्या जाडीच्या आडव्या चकत्या करून, त्यांची वळी सुटी करून किंवा दोन-दोन पाकळ्या एकत्र ठेवून, पिठात बुडवून तळण्याचा हा प्रकार हॉटेलात ‘अनियन रिंग्ज’ या नावाने मैद्याच्या आवरणात आणि भलत्या भावात मिळतो. घरी बेसन आणि तांदळाची पिठी तीनास एक या प्रमाणात घेऊन, गार पाण्यात, चमच्याच्या पाठीवर थर धरेल इतपत पातळ पीठ भिजवावे. पिठी महत्त्वाची आहे. नुसत्या बेसनाचे कवच फुगते आणि लवकर मऊ पडते. पिठीतल्या पिष्टमय अंशाने ते पातळ आणि ठिसूळ राहते. कोकणात घावनासाठी पिठी घरात असतेच, त्यामुळे दुकानातून काही वेगळे आणावे लागत नाही. वळी पिठात बुडवण्यापूर्वी कोरड्या पिठीत घोळवून घ्यावीत, नाहीतर कांद्याच्या गुळगुळीत पाठीवरून पीठ घसरते आणि तळताना कवच एकीकडे व कांदा दुसरीकडे होतो.

कवच सोनेरी व्हायला दोन-तीन मिनिटे पुरतात. तेवढ्या वेळात कांद्याच्या आतले पाणी जेमतेम वाफाळते आणि गर शिजण्याऐवजी फक्त नरमतो. लाल कांद्याच्या वळ्यात नेमका येथे घोटाळा होतो : कवच उत्तम, पण दात आत रुतताच कच्चट उग्रपणा पुढे येतो, आणि तो दडवण्यासाठी पिठात तिखट-मसाला वाढवावा लागतो. अलिबागच्या कांद्यात तसा उग्रपणा मुळातच कमी असल्यामुळे अर्धाकच्चा गरही रसदार आणि गोडसर लागतो, आणि मिठाशिवाय व चिमूटभर तिखटाशिवाय पिठात काही घालावेसे वाटत नाही. त्याची रसाळ वृत्ती, जी खेकडा भजीत डोकेदुखी होती, ती येथे पदार्थाचा गाभाच होऊन जाते. लहान मुले आणि तिखट न सोसणारी वडीलधारी माणसे यांच्यासाठी तर याहून चांगली भजी सुचवता येणार नाही. उणीव एकच : हा कांदा आकाराने मध्यम असतो, त्यामुळे मोठी, डौलदार वळी निघत नाहीत. ज्यांना ताटात एकसारखी मोठी कडी रचून दाखवायची आहेत त्यांचा हिरमोड होईल.

तिसरा प्रकार माझ्या मते सर्वांत जमलेला, आणि आश्चर्य म्हणजे तो भजीचा नाहीच. कोकणात वांग्याचे, सुरणाचे, नीरफणसाचे काप करण्याची जी रीत आहे, तीच कांद्याला लावायची. चकत्या जरा जाड कराव्यात आणि त्या सुटू नयेत म्हणून प्रत्येक चकतीत नारळाच्या झावळीतल्या हिराची स्वच्छ धुतलेली काडी आडवी टोचावी. तिखट, हळद, मीठ आणि कोकमाचे आगळ (खारवलेला घट्ट रस) एकत्र करून दोन्ही बाजूंनी चोळावे, पिठी आणि बारीक रवा समप्रमाणात मिसळून त्यात दाबून घोळवावे आणि तव्यावर बेताच्या तेलात, मध्यम आचेवर, प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटे भाजू द्यावी. आगळ आधीच खारट असते, म्हणून मिठाचा हात आखडता ठेवावा. रव्याचे कवच मासळीच्या कवचासारखे खडखडीत होते, आगळाचा आंबटपणा कांद्याच्या गोडीला छेद देतो, आणि झाकण न ठेवल्यामुळे आतली चकती नरमूनही आकार धरून राहते. हाच प्रकार लाल कांद्याचा केल्यास वाईट होत नाही, परंतु आगळाच्या आंबटाबरोबर त्याचा उग्रपणा भांडतो. संकष्टीला कांदा चालत नसल्याने तो दिवस सोडून, गुरुवारी किंवा श्रावणाआधीच्या शाकाहारी वारी मासळीची उणीव भासू नये यासाठी हे काप पुरेसे आहेत, असे आमच्या घरातल्या मत्स्यप्रेमींनीही कबूल केले. तळणीच्या मानाने तेलही फारच कमी लागते.

कुरकुरीतपणाचे निम्मे श्रेय कांद्याला आणि निम्मे तेलाला द्यावे लागते. तेल १७० ते १८० अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे. घरात तापमापक नसेल तर पिठाचा थेंब टाकून पाहावा. तो तळाशी क्षणभर टेकून बुडबुड्यांसह वर आला तर तेल योग्य, तत्काळ काळवंडला तर जास्त तापलेले आणि तळाशीच बसून राहिला तर थंड. पांढऱ्या कांद्याच्या बाबतीत ही दक्षता अधिक घ्यावी लागते, कारण ओला जिन्नस पडताच तेलाचे तापमान झपाट्याने उतरते. म्हणून घाणे लहान काढावेत. लाकडी घाण्यावर काढलेले खोबरेल चवीला कितीही प्रिय असले तरी ते साधारण याच तापमानाला धुरू लागते, त्यामुळे या तळणीसाठी शेंगदाण्याचे तेल बरे. उरलेल्या तेलात पुन्हा पुन्हा तळण्याचा मोह आवरावा. वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांवर, म्हणजे तेल वारंवार तापून बिघडल्याने वाढणाऱ्या द्रव्यांवर, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे ती खाद्यव्यावसायिकांसाठी, आणि रस्त्याकडेच्या काळ्या कढया पाहिल्यावर भजी घरी करण्याचे निराळे समर्थन करावे लागत नाही.

उरतो तो किनारपट्टीचा जुना शत्रू, म्हणजे दमट हवा. देशावर तळलेली भजी जितका वेळ खुसखुशीत राहते, तितका वेळ ती जुलैतल्या अलिबागेत किंवा श्रीवर्धनात राहत नाही, कारण कवच बाहेरच्या हवेतला ओलावाही ओढून घेते आणि आतल्या कांद्याची वाफही. भजी कागदावर रास करून ठेवू नये आणि झाकून तर मुळीच ठेवू नये. चाळणीत किंवा तारेच्या जाळीवर एकेरी पसरावी. पाहुणे उशिरा येणार असतील तर आधी फिकट तळून ठेवावे आणि वाढण्यापूर्वी कडक तेलात मिनिटभर पुन्हा सोडावे. खेकडा भजीला हे दुसरे तळण उत्तम मानवते, चकत्यांना त्यामानाने कमी, आणि कापांना अजिबात नाही. ते तव्यावरून थेट ताटातच गेले पाहिजेत.

साठवणीच्या बाबतीत या कांद्याला पूर्ण गुण देता येत नाहीत. ‘ताई, फ्रीजमध्ये नको, वाऱ्यावर टांगा,’ असे माळ विकणाऱ्या मावशींनी बजावले होते आणि ते तंतोतंत खरे ठरले. टोपलीत काढून ठेवलेले कांदे आधी नरमले, टांगलेले टिकले. पण टांगूनही पहिले दमदार पाऊस झाले की एखाद-दुसऱ्या कांद्याला कोंब फुटू लागतो आणि मानेशी काळसर बुरशी दिसू लागते. भज्यांचा खरा मोसम ज्या वेळी सुरू होतो, त्याच वेळी या कांद्याचा मोसम संपत आलेला असतो, हा विरोधाभास कोणी टाळू शकत नाही. म्हणून मे महिन्यात स्वस्त मिळते म्हणून मोठी माळ घेण्यापेक्षा, मार्च-एप्रिलमध्ये नीट वाळलेली मध्यम माळ घ्यावी, निम्मी उन्हाळ्यात कच्ची खावी आणि उरलेली जूनच्या पहिल्या पंधरवड्यात चकत्यांच्या भजीला व कापांना वापरून मोकळे व्हावे. किमतीचा विचार करता लाल कांद्याच्या दुपटीहून अधिक पैसे खेकडा भजीसाठी देणे मला पटत नाही. चकत्यांसाठी ते वाजवी वाटतात आणि कापांसाठी आनंदाने द्यावेत.

माळ संपल्यावर चकत्यांची भजी करायचीच असेल, तर लाल कांद्याची वळी सुटी करून गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावीत. चिरलेल्या पृष्ठभागावरचा बराचसा झणका पाण्यात उतरतो. मात्र ती पाण्यातून काढल्यावर पंचाने एकेक पुसून, पंख्याखाली पूर्ण कोरडी करून मगच पिठीत घोळवावीत.